चौरस खोलीतला खर्ज

माझ्या भाच्याने घरात स्टुडिओ करायचं ठरवलं तेव्हा त्याने सगळ्यांत आधी खुर्ची घेतली. काळी, उंच पाठीची, मानेमागे उशी असलेली. मग त्या खुर्चीत बसून तो बाकीच्या वस्तू मागवत राहिला.

भाचा फरशांचा व्यापारी आहे. दुकान मोठं, हाताखाली माणसं, आणि स्वभावाला एक खोड: वस्तू विकत घेतली की तिची विद्या आपोआप सोबत येते असं त्याला वाटतं. एके काळी त्याने कॅमेरा घेतला आणि घरातल्या प्रत्येक समारंभात लोकांना उन्हाकडे तोंड करून उभं करू लागला. मग दुर्बीण घेतली आणि आम्हाला ताऱ्यांची नावं चुकीची सांगू लागला. पुढे त्याच्या मुलीने बेस गिटार हातात घेतली आणि तो ध्वनिमुद्रणातला जाणकार झाला. या खेपेला त्याच्या हौसेखाली एक मूल सापडलं, म्हणून हे लिहायचं.

मुलगी बारा वर्षांची. अंगाने किरकोळ, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. ती माझ्याकडे शिकते. बेस म्हणजे जाड तारांची, खालचे सूर देणारी गिटार. कार्यक्रमात लोक गाणाऱ्याकडे बघतात, ड्रमवाल्याकडे बघतात. बेसवाल्याकडे बघते ती फक्त त्याची आई. मुलांना शिकवायला मला ती आवडते, कारण जी मुलं आपण होऊन ती उचलतात त्यांना स्वतःला दाखवायचं नसतं, ऐकायचं असतं. मुंगीला मी आखूड मानेची, चार तारांची गिटार दिली होती. मोठ्या माणसाची गिटार लहान हातात दिली की मूल सूर शिकत नाही, खांदेदुखी शिकतं. भाच्याने लगेच पाच तारांची, तिच्याहून उंच वाटणारी एक आणली. ती भिंतीवर टांगलेली आहे. दिसते छान.

स्टुडिओ त्याने गच्चीवर नवा बांधला. लांबी आणि रुंदी तंतोतंत सारखी. एकही फरशी कापावी लागली नाही, हे त्याने मला पहिल्याच दिवशी तीनदा ऐकवलं. फरशीवाल्याच्या डोळ्यांना याहून सुंदर काही नसतं हे मी समजू शकते. खोलीच्या बरोबर मधोमध एक नक्षीची फरशी, आणि त्या नक्षीवर खुर्ची. चारी भिंतींपासून अंतर लेझरने मोजलेलं. माल शिल्लक होता म्हणून भिंतींनाही कमरेपर्यंत फरशी लावली. नंतर एका व्हिडिओत त्याने ऐकलं की गुळगुळीत भिंती वाईट, तेव्हा त्या महागड्या फरशीवर त्याने अंड्यांच्या ट्रेसारखा काळा फोम चिकटवला. त्या फोमने बोलण्याचा खणखणाट कमी होतो. बेसच्या सुरांना तो वाटेत आहे हेसुद्धा कळत नाही. मी तसं म्हटलं. भाचा हसला आणि म्हणाला, आत्या, तू कानाने बोलतेस, हे शास्त्र आहे.

खालीच स्वयंपाकघर. सूनबाईचं, म्हणजे भाच्याच्या बायकोचं, म्हणणं एवढंच होतं की वर गिटार वाजली की तिच्या कपाटातल्या बशा बडबडायला लागतात.

बाकीचं सामान सांगायचं तर फ्रिजएवढी एक पेटी होती, आत आठ स्पीकर. मैदानावर जमलेल्या गर्दीसाठी तशी पेटी करतात. घरी सरावाला मुलीला हवी असते दप्तराएवढी पेटी आणि एक बरासा हेडफोन. पायाने दाबायच्या रंगीबेरंगी डब्यांची एक रांग होती. त्यातली निम्मी उरलेल्या निम्म्यांचा परिणाम घालवण्यासाठी. जोडणीच्या तारांच्या पिनांना सोन्याचा मुलामा होता. हे सगळं ज्याने गळ्यात मारलं त्या दुकानदाराला आम्ही डेसिबल म्हणतो, कारण तो शब्द न वापरता त्याला पाणीही मागता येत नाही. गळ्यात दोन हेडफोन अडकवून फिरणारा, गोड बोलणारा माणूस. कुठलंही दुखणं त्याच्यापुढे ठेवा, औषध त्याच्या दुकानात असतंच.

आता मुंगीला काय हवं होतं ते सांगते. आमच्याकडे मुलांचा एक वाद्यवृंद आहे. चांगला आहे, मुलांना शिस्त लावतात आणि हसूही देतात. बेसची जागा त्यात एकच. जो मुलगा वाजवायचा तो मोठा होऊन बाहेर पडला आणि जागा रिकामी झाली. ‘मला ती हवी आहे’ असं मुंगीने कुणाला सांगितलं नाही. पण रोज माझ्याकडून निघताना ती त्यांच्या सभागृहावरून लांबच्या वाटेने घरी जायला लागली, आणि बूट काढायच्या आधी गिटार काढायला लागली. वाद्यवृंदाने दोन ध्वनिमुद्रणं मागवली होती. एक संथ धून नुसत्या बेसवर, आणि दुसरा तुकडा त्यांनीच पाठवलेल्या ड्रमसोबत.

त्या दिवशी मी गेले होते. खोलीत खुर्ची एकच, त्यामुळे मी दाराशी स्टुलावर, भिंतीला पाठ लावून बसले. मुंगीने वाजवलं. प्रत्येक सूर माझ्या पाठीला कळत होता. भाचा नक्षीवर बसून कपाळाला आठ्या घालत होता.

“येत नाही,” तो म्हणाला. तिने पुन्हा वाजवलं. “पहिले दोन येतात, तिसरा मरतो. बोटांत जोर नाही तुझ्या.”

मुंगीने बोटांकडे पाहिलं. मग तिसऱ्या सुरावर तिने एवढा जोर लावला की तार गिटारच्या मानेवर खाडकन आपटली. मी म्हटलं, सूर येतोय, इथे चांगला येतोय, तू जरा उठून इकडे ये. त्याने मान न वळवता सांगितलं की ऐकण्याची जागा ही आहे, दार नाही. शिवाय या वयात कान जड होतात, बेस जास्त ऐकू येतो, असं काहीतरी. चारचौघांत बापाशी वाद घातला की मूल बापाचीच बाजू घेतं, आणि ते बरोबरही आहे.

त्याने खालच्या सुरांचं बटण फिरवलं. अजून फिरवलं. खाली बशा नाचायला लागल्या. त्याच्या कानाला जेव्हा ते ठीक वाटलं तेव्हा दाराशी मला असं वाटत होतं की कुणीतरी लोखंडी पिंप जिन्यावरून सोडलंय. ते त्याने पाठवून दिलं आणि खुर्चीत मागे रेलला.

वाद्यवृंदाच्या बाईंचा निरोप आला. ताल चांगला वाटतो, त्यांनी लिहिलं होतं, पण सूर वेगळे कळत नाहीत, नुसता घुमारा आहे. जमलं तर रविवारपर्यंत साधं ध्वनिमुद्रण पाठवा. काही सजावट नको.

‘साधं’ हा शब्द वाचून भाच्याने डेसिबलला फोन केला.

डेसिबल आला, चहा प्यायला, खोलीत मधोमध उभा राहून त्याने डोळे मिटले आणि निदान सांगितलं. सिग्नल पातळ आहे. पेटी आणखी एक लागेल, आणि आवाज दाबून घट्ट करणारा एक डबा लागेल, नवीन आलाय. मग मुंगीचा हात हातात घेऊन, बाजारात भाजी बघावी तशी बोटं उलटसुलट करून म्हणाला की मांसच नाही, डेसिबल कुठून येणार. दोघे हसले. मुंगीही हसली, कारण मोठी माणसं हसत होती.

मग त्या दोघांनी उपाय काढला. मुंगीने वाजवायलाच नको. कॉम्प्युटरमध्ये सूर एकेक टाइप करायचे, आणि आत भरून ठेवलेला कुण्या उस्तादाचा बेस ते वाजवून देणार. चूक नाही, दमणं नाही. हल्ली सगळे असंच करतात, डेसिबल म्हणाला. असं म्हणणाऱ्या माणसाला ते ‘सगळे’ कोण हे कधी विचारू नये, त्याला वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी मुंगी माझ्याकडे आली ती गिटार पिशवीत घालून. पिशवीतून काढली नाही. कोपऱ्यात उभी केली.

“आजी, ही इथेच असू दे.”

मी विचारलं, किती दिवस. ती म्हणाली, असू दे. मग जमिनीकडे बघत म्हणाली की तिची बोटं बेसची नाहीत. तिला बासरी शोभेल असं बाबांना वाटतं.

मुलांना ‘तसं काही नाही’ असं म्हणून काही उपयोग नसतो. मोठ्यांनी एक सांगितलं, दुसऱ्या मोठ्याने दुसरं सांगितलं. मुलाने विश्वास कुणावर ठेवायचा? त्याला स्वतःच्या कानावर ठेवायला लावावा, बाकी कशावर नाही. मी तिला गिटार काढायला लावली, माझ्या छोट्या पेटीला जोडली आणि तीच संथ धून वाजवायला सांगितली. तिसरा सूर आला. चांगला गोल, पिकलेला.

“इथे येतो,” ती म्हणाली. “तिथे नाही येत. म्हणजे तिथे मी वाईट वाजवते.”

“किंवा?” मी म्हटलं.

तिला ‘किंवा’ सुचेना. मग आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. भाचा दुकानात होता. सूनबाईने वरची खोली उघडून दिली आणि बशा काढून टेबलावर ठेवल्या. भाच्याच्या कॉम्प्युटरमध्ये आदल्या वेळचं वाजवणं होतंच. त्यातला तिसरा सूर तेवढा मी पुन्हापुन्हा वाजत ठेवला आणि मुंगीला एक खेळ सांगितला: खोलीभर चालायचं, सूर मोठा झाला की हात वर, लहान झाला की हात खाली. बाकी काही बोलायचं नाही.

ती दारापासून निघाली. भिंतीशी हात वर. कोपऱ्यात गेली तेव्हा दोन्ही हात वर करून चवड्यांवर उभी राहिली, इतका तो तिथे भरला होता. तिथून आत येताना हात उतरत गेले. नक्षीवर पोचली आणि हात मांड्यांना टेकले. ती थांबली. एक पाऊल मागे गेली, पुन्हा पुढे आली. खाली बसून पाहिलं. खुर्चीत चढून पाहिलं.

“आजी, इथे सूरच नाहीये.”

“मग तुझ्या बोटांत जोर कुठून कुठपर्यंत आहे?”

ती हसली नाही. चिडली. ही चांगली खूण. ती पुन्हा कोपऱ्यात गेली, पुन्हा मध्यावर आली, आणि असं चार वेळा करून मग म्हणाली की असं का होतं ते सांग. तेव्हा सांगितलं, आधी सांगितलं असतं तर ते माझं झालं असतं.

स्वयंपाकघरातून ट्रे आणला, त्यात पाणी ओतलं, आणि तिला तो हलकेच पुढेमागे हलवायला लावला. पाणी या कडेला चढतं, मग त्या कडेला चढतं. मधलं बघ, मी म्हटलं. तिने बघितलं. मध्यावर पाणी आहे त्याच उंचीला राहतं, चढत नाही, उतरत नाही. खोलीतली हवा तशीच हलते. ज्या सुराची लांबी खोलीशी जुळते त्याचे असे हाल होतात: कडेला तो दुप्पट, मध्यावर शून्य. सगळ्या सुरांचे नाही, काहींचेच; म्हणून दोन ऐकू येतात आणि तिसरा मरतो. खोली लांबट असेल तर लांबीला एक सूर बुडतो, रुंदीला दुसरा, म्हणजे दुःख वाटून घेतलं जातं. खोली चौरस असली की दोन्हीकडून तोच सूर बुडतो. आणि जोडणीच्या तारेतून कॉम्प्युटरमध्ये गेलेला सूर सगळा वेळ धडधाकट असतो. खोली तारेत शिरत नाही. ऐकणाऱ्याच्या कानात शिरते, आणि मग तो बटण फिरवत बसतो.

मुंगी ट्रेमधल्या मध्याकडे बघत होती.

“म्हणजे बाबा बरोब्बर तिथेच बसतात.”

“बरोब्बर तिथेच. लेझर लावून.”

आता ती हसली.

भाचा संध्याकाळी आला, सोबत डेसिबल. मुंगीने त्याला जिन्यातच गाठलं आणि म्हणाली की बाबा, एकदा फक्त भिंतीशी उभं राहून ऐका. मला वाटलं होतं तो ऐकणारच नाही; पण मुलीच्या आवाजात काहीतरी होतं, आणि तो गेला. भिंतीशी उभा राहिला. सूर वाजला. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर खरं ऐकणाऱ्या माणसाचे भाव आले, लहानपणी मी त्याला हार्मोनियमवर सूर ओळखायला लावायची तेव्हा यायचे तसे. मुंगी त्याच्याकडे बघत होती. तो चालत मध्यावर आला, सूर गेला. परत भिंतीशी गेला, सूर आला. त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, ती जरा दाबून पाहिली.

“खुर्ची खातेय,” तो म्हणाला. “फार जाड पाठ आहे. दुसरी बघावी लागेल.”

डेसिबलने कोपऱ्यात उभं राहून मान डोलावली. इथे खूप डेसिबल जास्त आहेत, म्हणाला, कोपऱ्यांनाही फोम लावू. पातळ पाठीची खुर्चीही त्याच्याकडे होती.

मी आयुष्यभर मुलांना शिकवलं. ढ मुलं मला फारशी भेटली नाहीत. जी भेटली त्यांना नुसती घाई असायची. ढ व्हायला वय लागतं, आणि थोडा पैसा.

भाच्याने मग सांगितलं की तसंही आता खोलीचा प्रश्न उरला नाही, कारण कॉम्प्युटरवरचं काम झालंय. डेसिबलने ते लावून दाखवलं. सुरांवर एकही ओरखडा नव्हता. एकेक सूर कारखान्यातून आल्यासारखा, सारख्या मापाचा. एकही कापावा लागला नसावा. खुर्चीत बसून त्यांना तेही बारीक वाटलं होतं, म्हणून दोघांनी धून आणखी एक सप्तक खाली ढकलली होती.

मुंगीने शेवटपर्यंत ऐकलं.

“बाबा, हे पाठवू नका. यात मी नाहीये.”

“तुझंच नाव आहे त्याच्यावर.”

“नावच आहे.”

भाचा म्हणाला की हे सगळं कुणासाठी चाललंय. त्याला खरंच दुखलं होतं; त्याची मला कीव आली असती, पण डेसिबल शेजारी उभा राहून ‘बघा’ म्हणत मान हलवत होता, आणि त्या दोघांत मुलगी एकटी उभी होती. भाच्याने सांगितलं की तुझं पाठवलंस तर जागा मिळणार नाही, हे पाठवलं तर मिळेल, बस्स. मुंगीने खाली येऊन चपला घातल्या आणि म्हणाली, आजी, चल.

शनिवारी माझ्याकडे ध्वनिमुद्रण केलं. त्यात सांगण्यासारखं फार थोडं आहे, आणि जे आहे ते कुठल्याही मुलाला जमतं. तारा कोरड्या फडक्याने पुसल्या. नव्या तारा घातल्या नाहीत. नव्या तारा पहिले काही दिवस किणकिणतात आणि सुरातून उतरतात. गिटारीतली बॅटरी बदलली, कारण ती नेहमी तिसऱ्या ओळीला मरते. जोडणीची तार थेट इंटरफेसला, म्हणजे कॉम्प्युटरशी जोडणाऱ्या छोट्या डबीला, लावली आणि डबीवरचं गिटारचं बटण दाबलं. भाच्याच्या डबीवर ते कधी दाबलेलंच नव्हतं. मग मुंगीला म्हटलं, तू वाजवशील त्यातला सगळ्यांत जोरकस तुकडा वाजव, आणि दिवा लाल होणार नाही इतकी जागा ठेव, मग त्या बटणाला हात लावायचा नाही. खालच्या सुरांचं बटण मधोमध. हेडफोन घालून वाजवायचं. एक वाजवून झालं की उठायचं, पाणी प्यायचं, मग दुसरं.

जी तार वाजत नाही ती डाव्या हाताने हलकेच झाकून ठेवायची, हे मी तिला शंभरदा सांगितलं होतं. त्या दिवशी सांगावं लागलं नाही.

झाल्यावर आम्ही ते माझ्या स्पीकरवर ऐकलं, हेडफोनवर ऐकलं, फोनवर ऐकलं, आणि शेजाऱ्यांच्या गाडीत बसून ऐकलं. फोनवरही धून कळली. फोनवर बेस वाजत नाही, पण चांगल्या वाजवण्यात सुराच्या वरचा भाग इतका स्वच्छ असतो की कान खालचा भाग आपला आपण भरून घेतो. दुसऱ्या तुकड्यात एका ठिकाणी तिचं बोट उशिरा पोचलं होतं. तिने विचारलं की ते कापून नीट करता येतं ना. येतं, मी म्हटलं, कसं करायचं तेही दाखवते. तिने दोनदा ऐकलं आणि म्हणाली, राहू दे, पुढच्या ओळीत मी ड्रमला पकडलंय.

तिने ते स्वतः पाठवलं, आणि घरी जाऊन बापाला तसं सांगितलं. बापाने सकाळीच दुसरं पाठवलं होतं.

वाद्यवृंदाच्या बाईंना एकाच मुलीची आता दोन तऱ्हेची ध्वनिमुद्रणं मिळाली. त्यांनी फोन करून तिला सभागृहात बोलावलं, गिटार घेऊन.

भाचा आला तो दुकानाच्या व्हॅनमध्ये, मागे फ्रिजएवढी पेटी, आणि ती उतरवायला डेसिबल. बाईंनी पेटीकडे बघून विचारलं की हे सामान चुकून आलं का. सभागृहात त्यांची स्वतःची पेटी होती, कोपरे उडालेली. मुंगीने तिला तार जोडली. वीसेक मुलं वाद्यं घेऊन बसली होती आणि मुलं करतात तसं खुशाल टक लावून बघत होती. बाई सडपातळ, कडक, चष्मा कपाळावर. त्यांनी आधी कॉम्प्युटरवालं लावलं आणि त्यातला एक सूर थांबवून धरला.

“हा वाजव.”

मुंगीने गिटारकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. भाचा मान हलवून तिला काहीतरी खुणावत होता. काय, ते त्यालाही माहीत नसावं. तिची मान लाल झाली.

“हा माझ्या गिटारवर नाहीच,” ती म्हणाली. “सगळ्यांत जाड तारेच्याही खाली आहे. हे मी वाजवलेलं नाही. दुसरं आहे ते माझं.”

भाच्याने घसा साफ केला आणि तांत्रिक बाबींबद्दल बोलायला सुरुवात केली. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कपाळावर सरकवला. त्यांनी त्याला काही विचारलं नाही. मुंगीला म्हणाल्या, “मग तुझं वाजव.” आणि ड्रमवाल्या मुलाला खूण केली.

ती वाजवायला लागली. पहिल्या ओळीत घाबरली होती, तिचा हात गिटारच्या मानेवर करकचून बसला होता. दुसऱ्या ओळीत तिने ड्रमवाल्या मुलाच्या उजव्या पायाकडे पाहिलं आणि तिथून नजर हलवली नाही. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. तो पाय मारायचा आणि ही सूर ठेवायची, आणि हळूहळू दोन्ही एकच होत गेलं. मागच्या रांगेतली एक मुलगी मान डोलवायला लागली. जिथे बोट उशिरा पोचायचं ती जागा आली. या वेळीही उशिरा पोचलं. बाईंनी थांबवलं नाही.

झाल्यावर बाई म्हणाल्या, तिसऱ्या ओळीत बोट उशिरा येतं, तिथे बोटं बदलून बघू. आणि तालीम आता आहे, थांबायला जमेल का.

मुंगीने मान हलवली. तिने कागद ठेवायचा स्टँड स्वतःच ओढून घेतला आणि ड्रमच्या शेजारी जाऊन बसली, जणू ती जागा तिने रोज लांबून पाहून ठेवली होती.

भाचा मोबाइल काढून पुढे झाला. एवढी पेटी आणलीच आहे तर ती लावू, म्हणाला, म्हणजे मुलीचा आवाज नीट येईल. बाईंनी त्याला शांतपणे सांगितलं की तालमीला पालक बाहेर थांबतात. दार जाताना ओढून घ्या.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. आत मुलांनी सुरुवात केली. जड दार बंद असलं की बासऱ्या, व्हायोलिनं, झांजा सगळं आतच राहतं. बाहेर येतो तो एकटा बेस. मुंगीचा एकेक सूर बाकाच्या लाकडातून वर येत होता, तिसरा आणि चौथाही. माझा चहा पेल्यात थरथरत होता.

भाच्याने बराच वेळ दाराला कान लावला. मग डेसिबलकडे वळून त्याने नाक मुरडलं.

“बाकी काहीच ऐकू येत नाही,” तो म्हणाला. “दारं चांगली नाहीत यांची.”

डेसिबलने वाकून दाराच्या फटीचं माप घ्यायला सुरुवात केली.